केशराच्या आधी बाजार: सॅफ्रन वॉल्डन कसं वाचावं

प्रश्न असा आला होता: "आम्ही दीड वर्षापूर्वी केंब्रिजजवळच्या सॅफ्रन वॉल्डनला राहायला आलो. मुलीला शाळेत 'माझं गाव' असा प्रकल्प दिलाय. गावाच्या नावात केशर आहे एवढं सगळे सांगतात, त्यापुढे कुणी जात नाही. जुनी घरं तर सगळी सारखीच दिसतात. सुरुवात कुठून करायची? आणि आम्ही घेतलेलं घर नेमकं किती जुनं आहे, हे आमचं आम्हाला कसं कळेल?"

मी जुन्या इमारतींची पाहणी आणि दुरुस्ती करतो. सुरुवात पुण्यात वाड्यांची मापं घेण्यापासून झाली आणि गेली अठरा वर्षं एसेक्स, सफोक, केंब्रिजशर या पट्ट्यातल्या लाकडी सांगाड्याच्या घरांवर काम चाललंय. तुमच्या गावातल्या बऱ्याच पोटमाळ्यांवर मी बॅटरी घेऊन रांगलो आहे. त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

लेकीला आधी सांगा की केशर थोडा वेळ बाजूला ठेव. नावातलं 'सॅफ्रन' बरंच नंतरचं. मध्ययुगात या गावाला 'चिपिंग वॉल्डन' म्हणत. 'चिपिंग' म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार. चिपिंग नॉर्टन, चिपिंग कॅम्डेन ही नावं तुम्ही पाट्यांवर वाचली असतील. आपण जशी कुठल्याही नावापुढे 'पेठ' लावतो, तसंच ते. म्हणजे तुम्ही राहता ती वॉल्डन पेठ. 'वॉल्डन'ची गंमत वेगळी. त्यातला पहिला तुकडा अँग्लो-सॅक्सन लोकांचा, मूळच्या ब्रिटन लोकांसाठी वापरलेला. 'वेल्स' हे नावही त्याच मुळातलं आणि त्याचा एक अर्थ परके. बाहेरून आलेल्यांनी आधीपासून राहणाऱ्यांना परकं म्हणायचं, ही तऱ्हा जुनी आहे.

तर पेठ. ती वसली कशी, याचा कागद आहे. 1141 मध्ये इंग्लंडात गादीसाठी यादवी चालू होती, एकीकडे राजा स्टीफन आणि दुसरीकडे त्याची मामेबहीण माटिल्डा. वॉल्डनचा धनी जेफ्री द मँडव्हिल हा दोघांकडून आळीपाळीने फायदे उकळण्यात पटाईत होता. माटिल्डाने त्याला जी सनद दिली त्यात एक कलम असं, की शेजारच्या न्यूपोर्टचा बाजार उचलून वॉल्डनच्या किल्ल्यापाशी न्यावा. एवढ्यावर थांबली नाही ती. न्यूपोर्टकडे जाणारा रस्ताही वॉल्डनकडे वळवावा, असं त्यात आहे. बाजार हलला तरी वाट तीच राहिली तर गिऱ्हाईक जुन्या जागीच थांबणार, हे लिहिणाऱ्याला पुरतं ठाऊक होतं. न्यूपोर्ट तुमच्यापासून जेमतेम साडेपाच किलोमीटर. आज ते छोटं, शांत खेडं आहे.

हे साडेपाच किलोमीटर महत्त्वाचे. इंग्रजी कायद्यात तेराव्या शतकात एक हिशेब मांडला गेला: माणूस दिवसात वीस मैल चालतो. त्याचे तीन भाग करा. एक भाग बाजाराला जायला, एक खरेदी-विक्रीला, एक अंधार पडायच्या आत घरी परतायला. म्हणून जुन्या बाजारापासून पावणेसात मैलांच्या, म्हणजे सुमारे पावणेअकरा किलोमीटरच्या आत नवा बाजार भरवला तर तो जुन्याला नडतो, असं धरायचं. नकाशा उघडून वॉल्डन, थॅक्स्टेड, हॅव्हरहिल, बिशप्स स्टॉर्टफर्ड यांच्यातली अंतरं मोजायला सांगा तिला. आपल्याकडे आठवडी बाजाराची गावं आणि त्यांचे वार ठरले तेही याच चालीने: बैलगाडीने सकाळी निघून दिवेलागणीला परत. बाजाराचा हक्क म्हणजे जकात, गाळ्यांचं भाडं, मापात पाप करणाऱ्याला दंड. सनद मिळवायला सरदार एवढे का धडपडत, ते यात आलं.

आता हे सगळं पायाखाली कुठे दिसतं ते सांगतो, कारण मला कागदांपेक्षा रस्ते जास्त कळतात.

संग्रहालयाच्या आवारात चकमकीच्या दगडांचा जो ओबडधोबड ढिगारा उभा आहे तो जेफ्रीच्या किल्ल्याचा बुरूज. त्याच्याकडे पाठ करून उतरायला लागा. कॅसल स्ट्रीट आणि चर्च स्ट्रीट सरळ नाहीत, कवेत घेतल्यासारखे वळतात. हे वळण किल्ल्याच्या बाहेरच्या तटाचं. तट गेला, खंदक बुजला, पण त्याच्या कडेने पडलेली वाट राहिली. तेराव्या शतकात गाव किल्ल्याच्या कुशीतून बाहेर पडलं. दक्षिणेला उतारावर नवा, ऐसपैस चौक आखला गेला आणि गावाभोवती मोठा चर खणला गेला. तो चर अजून गावाच्या नैर्ऋत्येला 'बॅटल डिचेस' या नावाने दिसतो. नाव लढाईचं, पण तिथे लढाई कधी झाली नाही. तो गावाच्या हद्दीचा चर, आत येणारा माल नाक्यावरूनच यावा म्हणून खणलेला असावा असं माझं मत आहे.

तो चौक आजच्या मार्केट स्क्वेअरपेक्षा कितीतरी मोठा होता. मग बाकीचा गेला कुठे? मार्केट रो नावाच्या बोळात जाऊन उभे राहा. दोन माणसं छत्री उघडून समोरासमोर आली तर एकाला मिटावी लागते. हे बोळ म्हणजे मूळच्या चौकातल्या गाळ्यांच्या रांगा. एकेका रांगेत एकेक धंदा, इथे खाटीक, तिथे कापडवाले. सकाळी मांडायची, संध्याकाळी उचलायची अशी फळकुटं. मग कुणीतरी रात्री उचलायचा कंटाळा केला. मग वर छप्पर आलं, मग कुलूप, मग माळा, मग माळ्यावर बायको-पोरं. शंभर-दीडशे वर्षांत चौकाच्या पोटात पक्की घरं उभी राहिली. आजच्या भाषेत अतिक्रमण. मंडईच्या आसपास वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. तिथल्या घरांना मागे अंगण किंवा परसू का नाही, याचंही उत्तर तेच. गाळ्याला कसलं परसू?

जवळच, हाय स्ट्रीट आणि किंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर क्रॉस कीज ही लाकडी इमारत आहे, वरचा मजला रस्त्यावर झुकलेला. तिच्या किंग स्ट्रीटकडच्या अंगाला कमानदार खिडक्या बघा. त्या पंधराव्या शतकातल्या दुकानाच्या खिडक्या. तेव्हा काच नसे. खालची फळी बाहेर पाडली की तीच माल मांडायची पाट, संध्याकाळी उचलून बंद केली की तीच झडप. अशी दुकानाची दर्शनी बाजू इंग्लंडात फार थोड्या ठिकाणी टिकली आहे. लोक तिथून फोनमध्ये बघत जातात.

आता केशर.

केशराचं रोप बी धरत नाही. ते वांझ असतं, कांद्यासारख्या गड्ड्यांपासूनच वाढतं, आणि गड्डे माणसाने खणून, वेगळे करून, दुसरीकडे लावल्याशिवाय त्याचा प्रसार होत नाही. म्हणजे इंग्लंडात केशर आलं ते कुणाच्या तरी हातातून, खिशातून, झोळीतून. गावात जुनी कथा आहे की एका यात्रेकरूने पूर्वेकडच्या देशातून एक गड्डा आपल्या पोकळ काठीत लपवून आणला, कारण पकडला असता तर जीव गेला असता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस प्रवासवर्णनं जमवणाऱ्या रिचर्ड हॅकल्युटने ही कथा सॅफ्रन वॉल्डनमध्ये सांगतात म्हणून लिहून ठेवली. कॉफीच्या सात बिया लपवून आणणाऱ्या बाबा बुदनची आठवण होते ना? अशा कथा शब्दशः घ्यायच्या नसतात. पण ही रचणाऱ्याला झाडाची जात बरोबर माहीत होती. बी नव्हे, गड्डाच आणला, असंच तो सांगतो.

इथली जमीन खडूची, पाण्याचा निचरा होणारी. गड्ड्यांना पाणी साचलेलं चालत नाही. पीक घेणाऱ्यांना 'क्रोकर' म्हणत. फूल शरद ऋतूत येतं, भल्या सकाळी उमलायच्या आत खुडायचं, घरी आणून प्रत्येकातले तीन लाल तंतू वेगळे करायचे, छोट्या भट्टीवर कागदांमध्ये दाबून वाळवायचे. एक ग्रॅम वाळलेल्या केशराला साधारण दीडशे फुलं लागतात. तुम्ही श्रीखंडात चिमूटभर टाकता तेव्हा हे डोळ्यांपुढे आणा. काम बारीक, वेळखाऊ, आणि पंधरा-वीस दिवसांत उरकायचं.

हे सगळं आपल्याला एवढं बारकाईने माहीत आहे ते एका पाद्र्यामुळे. विल्यम हॅरिसन हा रॅडविंटरचा रेक्टर, म्हणजे तुमच्यापासून सात-आठ किलोमीटरवरचा माणूस. त्याने 1577 मध्ये इंग्लंडचं एक वर्णन छापलं, त्यात केशराच्या लागवडीवर भरभरून लिहिलं. त्याने सांगितलेली एक हकीकत मुलीच्या प्रकल्पात घालायची की नाही ते तुम्ही ठरवा. सोळाव्या शतकाच्या मध्याला एका वर्षी पीक एवढं आलं की वॉल्डनकरांनी निम्मी फुलं खुडणाऱ्यांना मजुरी म्हणून दिली, आणि दहा-बारा मैलांवरच्या गावांत फुलं निवडायला पाठवली. भाव कोसळणार हे दिसताच काही बागाईतदार चिडून म्हणाले की देव केशर हगतोय, बाजार तुंबवायला. हॅरिसन पाद्री, त्यामुळे पुढे देवाने त्यांना कसा धडा शिकवला हेही तो सांगतो. मला मात्र त्या शिवीत आपल्याकडचा टोमॅटो रस्त्यावर ओतणारा शेतकरी दिसतो. भाव पडल्यावर भरघोस पीक ही शिक्षाच असते.

केशर रंगासाठी, औषधासाठी, स्वयंपाकासाठी जायचं. राजा-राणी गावात आले की त्यांना चांदीच्या पात्रातून केशर नजर करायची पद्धत होती. गावाच्या चिन्हात तटबंदीच्या आत केशराची फुलं आहेत, त्यात एक कोटी आहे: भिंतीने वेढलेलं केशर म्हणजे 'सॅफ्रन वॉल्ड-इन'. अठराव्या शतकाच्या अखेरीस लागवड संपली. बाहेरचं केशर स्वस्त पडू लागलं, जेवणाची रुची बदलली, मजूर महाग झाले. अलीकडे एसेक्समध्ये कुणी कुणी पुन्हा लावू लागले आहेत, पण ते हौसेच्या भावात.

केशराने गाव श्रीमंत केलं हे अर्धंच खरं. केशरासोबत आणि त्याच्याही आधी पैसा आला तो लोकरीतून, आणि केशर गेल्यावर आला तो माल्टमधून. माल्ट म्हणजे बार्ली भिजवून, मोड आणून, भट्टीत सुकवायची. नाचणी सत्त्व करताना आई जे करते तेच, फक्त पुढे त्याची बीअर होते. माल बदलत गेला, विकायची जागा तीच राहिली. आजही मंगळवारी आणि शनिवारी त्याच चौकात बाजार भरतो.

लोकरीचा पैसा बघायचा तर सेंट मेरीज चर्चमध्ये जा. 1450 ते 1525 च्या सुमारास ते जवळजवळ नव्याने बांधलं गेलं. सायमन क्लार्क आणि जॉन वॉस्टेल हे त्यावरचे गवंडी, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपेलवर काम केलेले. एसेक्समधलं हे सर्वांत मोठं गावचर्च. टोकदार मनोरा मात्र 1832 चा, थॉमस रिकमनच्या आराखड्याने बांधलेला, सुमारे 59 मीटर उंच. आत दक्षिणेकडच्या एका कमानीच्या कोपऱ्यात केशराचं फूल कोरलंय. ते शोधायचं काम मुलीवर सोपवा, तुम्ही दाखवू नका. आतच लॉर्ड ऑडलीची काळी कबर आहे. हा राजा आठव्या हेन्रीचा चॅन्सेलर, म्हणजे वरिष्ठ मंत्री. मठ बरखास्त झाले तेव्हा वॉल्डनचा मठ 1538 मध्ये याच्या पदरात पडला. थॉमस फुलरने नंतर त्याच्या कबरीबद्दल लिहिलं की हा दगड त्याच्या काळजाहून कठीण नाही आणि आत्म्याहून काळा नाही. याच चर्चमध्ये 1647 च्या मे महिन्यात पार्लमेंटच्या फौजेचे अधिकारी जमले होते, पगार थकल्याच्या तक्रारी घेऊन, आणि त्यांची समजूत घालायला त्याच फौजेचा सेनानी क्रॉमवेल आला होता.

मठाच्या जागी पुढे ऑडली एंड हा वाडा झाला. आज पाहता तो मूळच्याचा एक भागच. मूळचा इतका अवाढव्य होता की राजा जेम्स पहिला म्हणाला म्हणे, हे राजाला परवडायचं नाही, खजिनदाराला परवडेल. टोला बांधणाऱ्याला होता. तो अर्ल ऑफ सफोक, राज्याचा खजिनदार, पुढे भ्रष्टाचाराच्या आरोपात अडकला. या गावाचे आपल्याशी दोन धागे आहेत. पहिला या वाड्याचा. वाड्याच्या घराण्यातल्या तिसऱ्या लॉर्ड ब्रेब्रुकने 1819 मध्ये कॉर्नवॉलिसच्या नातीशी लग्न केलं, त्यामुळे त्या घराण्याची चित्रं तिथे आली. हा कॉर्नवॉलिस तोच, 1792 मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूला तह करायला लावणारा, आणि त्या मोहिमेत त्याच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा होत्या. सतराव्या शतकातल्या सॅम्युअल पीप्सची प्रसिद्ध रोजनिशी पहिल्यांदा 1825 मध्ये छापली तीही याच ब्रेब्रुकने. पीप्स स्वतः 1660 च्या फेब्रुवारीत वाडा बघून गावातल्या वृद्धाश्रमात गेला होता आणि तिथे चांदीच्या काठाच्या लाकडी वाडग्यातून त्याने पेय घेतलं, असं त्याच रोजनिशीत आहे.

दुसरा धागा वाड्याचा नाही, मतदारसंघाचा. आर. ए. बटलर 1929 पासून 1965 पर्यंत सॅफ्रन वॉल्डनचे खासदार होते. इंग्लंडातलं माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत करणारा 1944 चा कायदा त्यांचा. त्यांचा जन्म अटकेचा, आणि वडील माँटेग्यू बटलर 1925 ते 1933 मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे गव्हर्नर, म्हणजे नागपूरला. तुम्ही विदर्भातले असाल तर हे जास्त जवळचं वाटेल. बटलरांची कबर सेंट मेरीजच्या आवारातच आहे.

आता तुमच्या घराकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

रस्त्यावरून दिसणारा चेहरा घराचं वय सांगत नाही. उलट फसवतो. अठराव्या शतकात पैसेवाल्यांनी लाकडी घरांच्या पुढ्यात विटांची सपाट भिंत उभारली, उभ्या लांब खिडक्या बसवल्या, झालं घर नवीन. मागे सोळाव्या शतकाचा सांगाडा तसाच. म्हणून मी कुठल्याही घरात शिरलो की आधी पोटमाळ्यावर जातो. वासे काजळीने काळे आहेत का बघा. काळे आणि तेलकट असतील तर ते घर धुराडं नसलेल्या काळातलं. मधल्या दालनात जमिनीवर चूल, धूर वर छपरातून बाहेर. इथल्या घरांत विटांची धुराडी आणि दालनावर मजला घालणं हे मुख्यतः सोळाव्या शतकात झालं. कोकणातल्या जुन्या स्वयंपाकघराचं आढं आठवा, तोच काळा रंग, तोच वास. साडेचारशे वर्षांनंतरही बोट लावलं की डाग पडतो.

मग तुळया. सुतार सांगाडा अंगणात जमिनीवर जुळवायचा, प्रत्येक सांध्यावर रोमन आकडे कोरायचा, सुटा करून जागेवर पुन्हा उभा करायचा. ते आकडे शोधा. क्रमाने असतील तर भिंत मूळची. मधूनच एखादा गायब असेल तर तिथे नंतर मोडतोड झाली. सांध्यात लोखंडी खिळे नसतात, लाकडी खुंट्या असतात. जिथे रिकामी भोकं दिसतील तिथे कधीकाळी दुसरं लाकूड होतं, ते लाकूड दुसऱ्या इमारतीतून आणलेलंही असू शकतं. वाड्यांमध्येही आपण हेच बघतो. "जहाजाची लाकडं वापरली आहेत" असं घर विकणारा एजंट हमखास सांगतो. समुद्र इथून कितीतरी लांब. हसून सोडून द्या.

दोन खांबांमधल्या भिंती म्हणजे कूड. शब्दशः कूड: काठ्यांची जाळी, त्यावर माती, गवत आणि शेण यांचा लेप, वर चुन्याचा गिलावा. पूर्व इंग्लंडात या गिलाव्याला नक्षी काढायची पद्धत आहे, तिला पार्जेटिंग म्हणतात. ओल्या चुन्यात गुरांचे केस मिसळतात म्हणजे तडकत नाही, मग फणीने रेघा ओढतात किंवा हाताने आकृत्या उठवतात. चर्च स्ट्रीटवरच्या ओल्ड सन इनवर याचा कळस आहे: 1676 साल घातलेलं, पानंफुलं, आणि दोन राक्षसी पुरुष. त्यातला एक टॉम हिकाथ्रिफ्ट, गाड्याचं चाक ढालीसारखं घेऊन लढणारा पूर्वेकडचा लोकनायक, असं बहुतेक मानतात.

चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा म्हणतो. शेजारच्याच एका गावात एका घरमालकाने कंत्राटदाराचं ऐकून बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. दिसायला झकास. सहा वर्षांनी मला बोलावलं तेव्हा पायथ्याची ओकची तुळई मी चमच्याने उकरू शकत होतो. आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती. चारशे वर्षं टिकलेलं लाकूड सहा वर्षांत गेलं. तुमच्या घराला बाहेरून सिमेंट आहे का, ते आधी बघा. टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर उशीर करू नका.

आणि कृपा करून काही तोडण्याआधी घर संरक्षित यादीत आहे का, ते पाहा. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या संस्थेची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते, पत्ता टाकला की वर्णन येतं. यादीतला 'ग्रेड टू' दर्जा म्हणजे फक्त दर्शनी भागाला संरक्षण, हा गैरसमज आपल्या लोकांत मी फार ऐकतो. संरक्षण आतल्या जिन्यालाही असतं, दारालाही. जिल्हा परिषदेच्या परवानगीशिवाय बदल करणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम तुमच्या गळ्यात येऊ शकतं.

एवढी जुनी घरं टिकली कशी, हा प्रश्न मुलीच्या मनात येईल. माझं उत्तर थोडं कटू आहे. पाडून नवं बांधायला पुरेसा पैसा गावात नव्हता. लोकर गेली, केशर गेलं, माल्टने पोट भरलं पण चैन नाही केली. मुख्य रेल्वे 1845 मध्ये दोन मैलांवरून निघून गेली. गावाला फाटा मिळाला तो 1865 मध्ये, आणि 1964 मध्ये तोही बंद झाला. म्हणून आजही तुम्ही ऑडली एंड स्टेशनवर उतरता. कारखाने दुसरीकडे गेले, आणि ओकचे सांगाडे राहिले.

एकोणिसाव्या शतकात जे नवं झालं त्यातलं बरंचसं एका घराण्याचं: गिब्सन. ख्रिस्ती धर्मातल्या क्वेकर पंथाचे, माल्ट आणि बीअरमधून बँकेत गेलेले. जॉर्ज स्टेसी गिब्सनने रेल्वेचा फाटा आणला, 1862 मध्ये एसेक्सच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, टाउन हॉलचा पुढचा भाग करून दिला. चौकातली बँकेची इमारत 1874 ची, त्यांचीच. पुढे ही बँक बार्कलेजमध्ये विलीन झाली. समोरचं कॉर्न एक्स्चेंज, म्हणजे धान्याचे सौदे व्हायची जागा, 1840 च्या दशकातलं. आता तिथे वाचनालय आहे. प्रकल्पासाठी आधी तिथेच जा, गावाच्या इतिहासाचा संग्रह उत्तम आहे. जुन्या नोंदी चेम्सफर्डच्या एसेक्स रेकॉर्ड ऑफिसात मिळतात.

संग्रहालय 1835 चं. त्यातल्या दोन गोष्टी मुलांना आवडतात. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मुर्शिदाबादच्या नवाबाने राणीला भेट दिलेला हौदा मांडायचा होता, पण ठेवायचा कशावर? पेंढा भरलेला हत्ती सापडला तो सॅफ्रन वॉल्डनच्या संग्रहालयात. हत्ती आता तिथे नाही, गोष्ट आहे. दुसरी गोष्ट जवळच्या हॅडस्टॉक गावच्या चर्चच्या दाराची. ते दार अकराव्या शतकातलं. त्यावर खिळ्यांखाली चामड्याचे तुकडे होते. चर्च लुटणाऱ्या डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या, माणसाची कातडी सोलून ठोकली, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत, आणि एक तुकडा संग्रहालयात 'डेनची कातडी' म्हणून ठेवला होता. डीएनए तपासला तेव्हा निघाली गाय. दारावर चामडं ताणून बसवायची साधी पद्धत होती ती. मुलीने केशराच्या काठीची कथा आणि ही कथा शेजारी शेजारी मांडली तर शिक्षक खूश होतील: एकीत तथ्याचा कण निघाला, दुसरीत गाय.

शेवटी कॉमनवर, म्हणजे गावाच्या सामायिक मैदानावर जा. तिथल्या गवतात कोरलेलं चक्रव्यूह आहे. सतरा फेऱ्या, दीड किलोमीटरच्या आसपास वाट. 1699 मध्ये ते नव्याने कोरल्याबद्दल पंधरा शिलिंग दिल्याची नोंद आहे. म्हणजे त्याआधीही ते होतं. पुढे गावची तरणी पोरं त्यात बीअरच्या पैजा लावून पळायची. मध्ये एक मोठं झाड होतं, ते 1823 मध्ये गाय फॉक्सच्या रात्री, म्हणजे नोव्हेंबरात शेकोट्या पेटवतात त्या रात्री, जाळात गेलं. भिंती नाहीत, त्यामुळे हरवायची भीती नाही. वाट मात्र सोडायची नाही, मध्येच ओलांडून गेलं तर ती फेरी मोजत नाहीत. माझी मुलगी सहा वर्षांची होती तेव्हा आम्हाला चाळीस मिनिटं लागली होती, त्यातली दहा तिने मधल्या उंचवट्यावर बसून बिस्किटं खाल्ली.

घराच्या पोटमाळ्याचे फोटो पाठवा. वासे काळे निघाले तर मी स्वतः येऊन बघीन.